अनोळखी माणसाचं गाव : अमरावती-अकोल्याच्या निमित्तानं

 

आजचा विषय आहे 'काही शहरं नकोशी का वाटतात?' उदाहरणं घ्यायची आहेत ती आपलीच, अमरावती आणि अकोला. विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की सर, आपल्याच गावाला नावं कशाला ठेवायची? नावं ठेवायला पुण्या-मुंबईचे लोक आहेतच की. शंका रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. नावं ठेवणं म्हणजे निकाल देऊन मोकळं होणं. समीक्षेत 'ईक्षा' आहे, म्हणजे पाहणं. ज्या गावात आपण राहतो त्याच्याकडे नीट पाहायचा पहिला अधिकार आपला, आणि पहिली जबाबदारीही आपलीच.

शिवाय हा प्रश्न चैनीचा नाही. आपल्यापैकी किती जणांची मुलं शिकून पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला गेली आणि परत आली नाहीत, याचा हिशेब ज्यानं त्यानं मनात करावा. नोकरीसाठी गेली, हे खरं. पण आता घरून काम करता येतं, इथं स्वतःचं घर आहे, आईवडील थकलेत, तरी 'तिकडं कायमचं नको' असं ती म्हणतात. त्यांना आईवडील नको आहेत असं नाही. त्यांना गाव नको आहे. गावातलं नेमकं काय नको आहे, हे शोधायचा प्रयत्न आज आपण करू.

आधी एक खुलासा. अमरावतीला 'छोटं शहर' म्हणणं काहींना खटकेल. २०११च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती, अकोल्याची सव्वाचार लाखांच्या आसपास. त्यानंतर दोन्ही वाढली. दोन्हीकडे महापालिका आहे; अमरावतीत विद्यापीठ, अकोल्यात कृषी विद्यापीठ. युरोपातल्या कित्येक नामवंत शहरांपेक्षा ही लोकसंख्या जास्त आहे. तेव्हा 'छोटं' हे डोकी मोजून ठरत नाही. छोटेपणा कशात असतो, हाच खरं म्हणजे आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

शहर नकोसं का वाटतं, याची तीन कारणं आपण नेहमी ऐकतो. पहिलं ऊन. दुसरं, पैसा नाही. तिसरं, महापालिका निकम्मी. तिन्ही जरा तपासून पाहू.

ऊन आहेच. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत अकोल्याचं नाव टीव्हीवर झळकतं. पण ऊन काही आजचं नाही. याच उन्हातून आपल्याकडे पाणपोई आली. रस्त्याच्या कडेला तट्ट्यांचा आडोसा, वाळ्याचा पडदा, लाल फडकं गुंडाळलेले रांजण. कोण पाणी पितो, कुठला आहे, परत येणार आहे की नाही, हे न विचारता पाणी द्यायचं. म्हणजे ऊन माणसाला कठोर करतंच असं नाही. या उन्हानं आपल्याला एक सुंदर सार्वजनिक रीत दिली होती. आजही काही मंडळं पाणपोया लावतात, पण बहुतेक ठिकाणी वीस रुपयांची बाटली हेच उत्तर झालेलं आहे. ऊन तेच आहे. तहानलेल्या अनोळखी माणसाशी आपलं नातं बदललं.

आता पैसा. अमरावती आणि अकोला यांच्या मधे काय घडलं हे सगळ्यांना आठवत असेल. जून २०२२ मध्ये, ३ तारखेपासून ७ तारखेपर्यंत, या दोन शहरांमधल्या राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि तिची गिनीज बुकात विक्रम म्हणून नोंद झाली. अभिमानाची गोष्ट आहे. अभियंते, मजूर, यंत्रं, डांबर, नियोजन सगळं आपल्याच मातीत एकत्र आलं. पण त्या विक्रमी रस्त्यावरून सुसाट आलेला माणूस अमरावतीत किंवा अकोल्यात उतरला, की त्याला चालायला पदपथ सापडत नाही. जिथं आहे तिथं त्यावर मोटारसायकली उभ्या, दुकानाचा माल, जनरेटर, नाहीतर उघडं गटार. साडेचार दिवसांत ७५ किलोमीटर रस्ता टाकू शकणाऱ्या प्रदेशाला बस स्टँडपासून बाजारापर्यंतचा पदपथ मोकळा ठेवता येत नाही, तेव्हा 'पैसा नाही' हे उत्तर पुरत नाही. पदपथाला डांबरापेक्षा जास्त काही लागतं. आपण ज्याला ओळखत नाही असा माणूस इथून पायी जाणार आहे, ही कल्पना आधी कुणाच्या तरी डोक्यात असावी लागते.

तिसरं कारण महापालिका. तिला मोकळं सोडायचं कारण नाही. २०२२ पासून बराच काळ दोन्हीकडे निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासकाच्या हाती कारभार होता. तक्रार करायची तर कुणाकडे, हाच प्रश्न होता. पण त्याआधी नगरसेवक होतेच ना? तेव्हा काय पदपथ मोकळे होते? महापालिका आकाशातून पडत नाही. आपल्याला ज्याची उणीव भासते त्याचीच आपण मागणी करतो, आणि ज्याची मागणी होत नाही ते महापालिका देत नाही.

म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. समजा एक माणूस आहे. बाई असेल तर कसोटी अधिक चांगली. तिचं या शहरात कुणी नाही. कामासाठी आली आहे, काम दोन तास पुढं ढकललं गेलं, आणि खर्च करायची तिची ऐपत किंवा इच्छा नाही. हे दोन तास ती कुठं काढेल? सावलीत कुठं बसेल? पाणी कुठं पिईल? तिला लघवीला कुठं जाता येईल? आणि या दोन तासांत किती जण तिला 'कोणाकडं आल्या?' असं विचारतील?

ही कसोटी कुठल्याही गावाला लावून पाहा. आपल्या दोन्ही शहरांत तिची उत्तरं फार अवघड आहेत. मंदिर आहे, तिथं बसता येईल. बाग आहे, ती ठरावीक वेळेलाच उघडते. बाकी हॉटेल, म्हणजे पैसे. स्वच्छतागृह असलं तर त्याला कुलूप, किंवा ते पुरुषांनी पुरुषांसाठीच बांधलेलं. ज्या कामकरी बायका खेड्यांतून एसटीनं तहसीलीत, कोर्टात, जिल्हा रुग्णालयात येतात, त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, का, तर जायचं कुठं? हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर आपण बोलतसुद्धा नाही.

आता गंमत पाहा. हीच बाई यातल्या कुणाच्या तरी ओळखीची निघाली, मावसबहिणीच्या नणंदेची शेजारीण जरी निघाली, तरी चित्र पालटतं. लगेच 'या ना जी, बसा', पाणी, चहा, आणि 'जेवल्याशिवाय कशा जाता?' वऱ्हाडचा पाहुणचार जगजाहीर आहे, आणि तो खरा आहे. पाहुणा उठायला लागला की त्याला अडवून धरणारे आपण लोक. ताटात आग्रहानं वाढणारे आपण लोक. म्हणजे आपल्यात माया कमी आहे, असं म्हणताच येणार नाही.

मग दोष कुठं आहे? दोष असा, की ही सगळी माया उंबरठ्याच्या आत आहे आणि ओळखीच्या माणसापुरती आहे. उंबरठ्याच्या बाहेर पाऊल टाकलं की तोच माणूस कचरा नालीत टाकतो, गाडी आडवी लावतो, हॉर्नवरचा हात काढत नाही. कारण बाहेर जो आहे तो 'कुणीच नाही'.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवायचो, तेव्हा वर्गात कांटचं एक पुस्तक यायचं. १७९५ सालचं, शाश्वत शांततेवरचं छोटंसं पुस्तक. कांट आयुष्यभर आपल्या कोनिग्सबर्ग शहराच्या आसपासच राहिला. पण अनोळखी माणसाविषयी त्यानं मोठी सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. तो दोन हक्क वेगळे करतो. एक पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क. हा काही कुणाला आपोआप मिळत नाही. त्यासाठी यजमानाची खास मर्जी लागते. दुसरा नुसता येण्याचा हक्क, भेटीचा हक्क. परक्या भूमीवर पाऊल टाकलेल्या माणसाला, तो शांतपणे वागतो आहे तोवर, शत्रूसारखं वागवता येणार नाही. हा दानधर्म नाही, हा त्याचा हक्क आहे, असं कांट बजावतो. कारण काय देतो? पृथ्वी गोल आहे. माणसं कितीही पांगली तरी शेवटी एकमेकांच्या शेजारीच येणार, आणि मुळात जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर कुणाचा दुसऱ्यापेक्षा जास्त अधिकार नव्हता.

कांट हे राष्ट्रांविषयी बोलत होता. शहराला ते आपण लावतो आहोत. पण लावून पाहिलं तर निदान स्पष्ट होतं. पाहुणचारात वऱ्हाड पहिल्या नंबरात येईल. भेटीच्या हक्कात नापास होईल. आपण पाहुण्याला डोक्यावर घेतो. वाटसरूला मात्र आपल्याकडे जागा नाही.

हे असं का झालं, याला थोडा इतिहास आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गरज पडली. त्याच सुमारास रेल्वे आली. अमरावती, अकोला, खामगाव ही गावं वाढली ती कापसाच्या बाजारासाठी. जिनिंग-प्रेसिंग, गोदामं, अडते, दलाल. शहराचा एक भाग जुना, दाट. अमरावतीत तर परकोटच होता; जवाहर गेट, खोलापुरी गेट, नागपुरी गेट ही नावं आजही त्या कोटाची साक्ष देतात. दुसरा भाग साहेबांचा. 'कॅम्प' म्हणा, 'सिव्हिल लाइन' म्हणा. रुंद रस्ते, झाडं, बंगले, पण ते कचेरीच्या माणसांसाठी. जुन्या भागात जातीनिहाय, पेठेनिहाय वस्ती. नव्या भागात हुद्द्यानुसार वस्ती. गाडीला जागा होती, गठाणीला जागा होती, साहेबाला जागा होती. नुसत्या नागरिकाला, ज्याची जात आणि हुद्दा विचारायचा नाही अशा माणसाला, जागा आखलीच गेली नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण ती आखायला हवी होती. आपण काय आखलं? ले-आऊट. शेत घ्यायचं, प्लॉट पाडायचे, विकायचे. नियमानं जी मोकळी जागा सोडावी लागते तिच्यावर आधी एक दगड, मग मंदिर किंवा सभामंडप, मग त्याला जाळी आणि जाळीला कुलूप. कॉलनीचं नावही पुष्कळदा अमुक कर्मचाऱ्यांची, तमुक समाजाची. म्हणजे पेठेचंच नवं रूप. जो उरतो तो चौक. आणि चौकात काय असतं? वाढदिवसाचे फ्लेक्स. उच्च न्यायालयानं बेकायदा फलकांविरुद्ध वेळोवेळी आदेश दिले, तरी ते लागतात. त्या फ्लेक्सकडे जरा नीट पाहा. त्यावर 'भाऊ', 'दादा' यांचे चेहरे आणि खाली शुभेच्छुकांचे पंचवीस छोटे चेहरे. गावात ज्यांना सगळे ओळखतात तेच चेहरे रस्ताभर. रस्ता दाखवणारी पाटी मात्र त्या फ्लेक्सच्या मागं झाकलेली, कारण पाटी लागते ती ज्याला गाव माहीत नाही त्याला.

इथवर आपण बाहेरून येणाऱ्याविषयी बोललो. पण जो इथंच जन्मला, इथंच राहतो, त्यालाही गाव का नकोसं होतं? आम्हाला वाटतं, दुखणं एकच आहे, फक्त ते उलट्या बाजूनं लागतं. बाहेरच्याला हे गाव जागा देत नाही. आणि आतल्याला ते अनोळखी राहू देत नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यानं १९०३ मध्ये महानगरातल्या माणसाच्या मनाविषयी एक निबंध लिहिला. महानगरात माणसं एकमेकांशी कोरडी वागतात, हे तो मान्य करतो. पण तो हेही दाखवतो, की त्या कोरडेपणातूनच माणसाला एक मोकळीक मिळते, जी लहान वर्तुळात मिळत नाही. लहान वर्तुळात प्रत्येकाची नजर प्रत्येकावर असते. आपल्या मुलीला पुण्यात काय मिळतं, याचं हे उत्तर आहे. तिथं ती रात्री नऊला एकटी चहाला जाते आणि कुणी तिच्या बापाला फोन करत नाही. इथं राजकमल चौकात ती कुणाशी बोलत उभी राहिली, तर ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचते. सांगणारा वाईट हेतूनं सांगतो असंही नाही. 'आपलीच पोरगी आहे, म्हणून सांगितलं.' या 'आपली'चा तिला धाक आहे.

आणि पाहा, प्रश्न किती सहज विचारले जातात. 'कोणाचा होय रे तू?' 'गाव कोणतं?' 'आडनाव काय?' भाड्यानं खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला हा तिसरा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत येतो. आडनाव कळलं की जात कळते, धर्म तर नाव सांगतानाच कळलेला असतो, आणि मग 'खोली कालच दिली हो.' व्यायाम मंडळात शिकायला, कृषी विद्यापीठात शिकायला देशभरातून मुलं येतात. त्यांचं पहिलं दर्शन आपल्या शहराशी हे असं होतं. मग ती चार वर्षं हॉस्टेल ते कॉलेज एवढंच शहर पाहतात आणि पदवी घेऊन निघून जातात.

म्हणून 'अनोळखी' हा केवळ बाहेरगावचा माणूस नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळण्याचा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमध्ये झालेला. हे लोक काही परगावचे नव्हते. पिढ्यान् पिढ्या इथंच राहणारे, इथल्या देवीला मानणारे. तरी गावानं त्यांना आपल्याच गावात परकं ठेवलं होतं. पुढं, नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या कौतुकावर जी कडक टीका केली, ती याच अनुभवातून आली. 'आपलेपणा' म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याची किंमत कुणी तरी मोजत असतं, हे त्यांना दिसत होतं. आपली शहरं खेड्यातून वाढली. वाढताना खेड्याची सावली सोडून आली आणि खेड्याची नजर घेऊन आली.

याचं टोक कुठं जातं, तेही बोललं पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, मे २०२३ मध्ये अकोल्यात हिंसाचार झाला. दुकानं जळाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. कारणं राजकीय होती, अफवांची होती, समाजमाध्यमांची होती. त्याची चौकशी आणि न्याय ज्यांचं काम आहे त्यांनी करावा. आपला मुद्दा एवढाच, की ज्या शहरात एका मोहल्ल्याचा माणूस दुसऱ्या पेठेत सहज चालत जात नाही, जिथं दोघांना शेजारी बसायला एक बाकडं नाही, एक सावली नाही, तिथं अफवा पडताळून पाहायची सोयच नसते. अफवा ज्याच्याविषयी असते तो माणूस रोज दिसत असेल, तर ती तितक्या सहज गळी उतरत नाही. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये अमेरिकन शहरांविषयी लिहिताना पदपथाचं जे महत्त्व सांगितलं ते हेच. मोठं शहर म्हणजे अनोळखी लोकांनी भरलेली जागा. आणि अनोळखी लोक एकमेकांसोबत निर्धास्त राहायला शिकतात ते गजबजलेल्या पदपथावर.

आता कुणी म्हणेल, सर, हे कांट, झिमेल, जेकब्स सगळे तिकडचे. आपल्या मातीत हा विचार आहे का? आहे, आणि तो जितका इथं आहे तितका क्वचितच कुठं असेल. गाडगेबाबा. जन्म १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याचं. म्हणजे या दोन शहरांच्या बरोबर मधला माणूस. १९५६च्या डिसेंबरात अमरावतीच्या वाटेवरच त्यांनी देह ठेवला. समाधी अमरावतीत, विद्यापीठाला नाव त्यांचं.

गाडगेबाबांचा खराटा आपण स्वच्छतेचं चिन्ह करून टाकला आहे. त्यातली दुसरी गोष्ट निसटते. बाबा कुठलं गाव झाडत? ज्या गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं ते गाव. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, अशा अवस्थेत गावात शिरायचे आणि झाडायला लागायचे. रात्री त्याच गावात कीर्तन. जागा माझी आहे म्हणून झाडायची, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. आणि त्यांनी बांधलं काय? स्वतःसाठी झोपडीही नाही. बांधल्या त्या धर्मशाळा. पंढरपूरला, नाशिकला, मुंबईला. धर्मशाळा कुणासाठी असते? ज्याचं त्या गावात कुणी नाही त्याच्यासाठी. मुंबईत दूरगावच्या रुग्णांचे नातेवाईक आजही तिथं आसरा घेतात. कांटनं ज्याला भेटीचा हक्क म्हटलं, तो बाबांनी दगड-विटांत उभा केला.

आणि आपण? आपण जयंतीला खराटा हातात घेऊन फोटो काढतो. अकोल्याची मोर्णा नदी घ्या. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर नदीत उतरले, जलकुंभी काढली. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. ते काम खरं होतं, त्यातला उत्साह खरा होता, त्याला कुणी हिणवू नये. पण जोवर शहराचं सांडपाणी नदीत जात राहील, तोवर जलकुंभी परत येणारच. श्रमदान हा सोहळा असतो. नदी रोजची असते. बाबांचा खराटा रोजचा होता, म्हणून तो खराटा होता.

रोजचं काम आपल्याला जमत नाही, असंही म्हणता येणार नाही. अकोल्याहून रेल्वेनं तासाभराच्या आत शेगाव आहे. गजानन महाराज संस्थानात पाऊल ठेवा. ऊन तेच, माणसं तीच, याच खेड्यांतली. पण फरशी स्वच्छ, रांग शिस्तीत, पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, आणि समोरचा सेवेकरी कुठलंही आडनाव न विचारता तुम्हाला 'माउली' म्हणतो. सेवेकरी आळीपाळीनं येतात, मोबदला घेत नाहीत, ठरलेलं काम ठरलेल्या वेळी करतात. तोच माणूस घरी परतला की आपल्या गल्लीत काय करतो, हा मोठा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, तिथं काम वाटून दिलेलं आहे. हा कोपरा तुझा, ही वेळ तुझी. शहरात जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. तिथं येणारा प्रत्येक अनोळखी माणूस महाराजांचा पाहुणा आहे. म्हणजे तोही ओळखीतूनच आला, महाराजांच्या ओळखीतून. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावड निघते, गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन पोरं रात्रभर चालत राजराजेश्वराला येतात. त्या वाटेवर अख्खं शहर पाणी, चहा, फराळ घेऊन उभं असतं. त्या रात्री अनोळखी माणसाला अकोल्यासारखं गाव नाही. पण तोही देवाचा माणूस म्हणून.

मग प्रश्न असा, की जो भक्त नाही, नातेवाईक नाही, गिऱ्हाईक नाही, मतदार नाही, निव्वळ माणूस आहे, त्याला आपण काय देतो? भक्तीमुळे मिळतं ते चांगलंच. पण ते भक्ताला मिळतं. नागरिकाला जे मिळायला हवं ते त्याला कुणाचीही ओळख न सांगता मिळायला हवं. शहर हे या अर्थानं शहर होतं. तोवर ते लोकसंख्या वाढलेलं खेडं आहे, महापालिका असो की विमानतळ. हो, विमानतळ आला आहे. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून विमानसेवा सुरू झाली. आनंद आहे. येणारे वाढतील. आल्यावर ते उतरतील कुठं, चालतील कुठं, हा आजचा आपला विषय त्यामुळे अधिकच तातडीचा झाला.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. कुणी म्हणेल, मोठ्या शहरात तरी काय आहे? माणूस रस्त्यावर पडला तर कुणी थांबत नाही. आपल्याकडे निदान धावून येतात. ही माणुसकी घालवून तुम्हाला कोरडी सभ्यता आणायची आहे का? उत्तर असं, की निवड या दोहोंतून करायचीच नाही. पडलेल्याला उचलायला धावणं आपल्याला येतं. तो पडू नये म्हणून गटारावर झाकण ठेवणं आपल्याला येत नाही. पहिल्यात माणूस डोळ्यासमोर असतो. दुसऱ्यात तो अजून आलेलाच नसतो, त्याची कल्पना करावी लागते. नागरी नीती म्हणजे बरीचशी ही कल्पना करण्याची सवय. ती माणुसकीच्या विरुद्ध नाही. ती माणुसकी उंबरठ्याबाहेर नेणं आहे.

आणि दुसरी सवय, न विचारण्याची. आपुलकी म्हणजे चौकशी, असं आपण धरून चाललो आहोत. एखाद्याला त्याच्या जागी, त्याच्या वेळेत, त्याच्या आडनावाशिवाय राहू देणं हीसुद्धा आपुलकी असू शकते. मुलीला चौकात उभं राहू देणं, भाडेकरूला नावानं हाक मारणं आणि तिथं थांबणं. याला महापालिकेचा ठराव लागत नाही, निधी लागत नाही.

ज्याला निधी लागतो तेही फार मोठं नाही. दोन्ही शहरांत एक-एक रस्ता निवडा. स्टँडपासून बाजारापर्यंतचा. त्यावर सलग पदपथ, प्रत्येक शंभर पावलांवर एक सावली आणि एक बाकडं, दोन ठिकाणी पिण्याचं पाणी, बायकांसाठी कुलूप नसलेलं स्वच्छतागृह, आणि दिसेल अशी पाटी. त्या पाटीवर फ्लेक्स लागणार नाही, एवढी राखण. उड्डाणपूल बांधणाऱ्या शहराला हे अशक्य नाही. मागणी आपण करायची आहे, आणि आपल्यासाठी नव्हे, अजून न आलेल्या माणसासाठी करायची आहे, हीच त्यातली अडचण आहे.

पुढच्या व्याख्यानापर्यंत एक काम करा. आपल्याच शहरात दोन तास अनोळखी होऊन पाहा. गाडी घरी ठेवा, खिशात पैसे ठेवू नका, ओळखीच्या दुकानात शिरू नका. कुठं बसता आलं, कुठं पाणी मिळालं, कुठं हटकलं गेलं, हे कागदावर लिहा आणि पाठवा. शक्य असेल तर घरातल्या मुलीलाही, सुनेलाही हेच करायला सांगा आणि दोन कागद शेजारी ठेवून वाचा. ते कागद पुढच्या वेळी आपण इथं एकत्र वाचू, आणि एक प्रत महापालिकेलाही देऊ.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत बसलेल्यांनी आधी विचारावेत. नाव सांगायची गरज नाही.